जन्मस्थानाचा रकाना

नारायणगुडा, हैदराबाद
११ मार्च २०२५

शर्वरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. ओळखूनही उघडलंस, तर पुढचं वाच. फोन तू उचलत नाहीस, आणि का उचलत नाहीस हे विचारायचा हक्क मी सात वर्षांपूर्वीच घालवला. तू नवऱ्याचं घर सोडून आलीस आणि मी तुला जिन्यावरूनच परत पाठवलं. त्याबद्दल आज लिहीत नाही. आज तुझ्या आईबद्दल लिहितो आहे.

तिची तब्येत तशीच आहे. उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलणं पाच-सहा शब्दांवर आलंय. तिचं सगळं करायला तीन वर्षं सायरा नावाची बाई होती, एजन्सीने पाठवलेली. तू तिला ओळखत नसशील.

मागच्या मंगळवारी सकाळी पोलीस आले आणि सायराला घेऊन गेले. दोन पोलीस बायका आणि एक साहेब. ती आईच्या केसांना तेल लावत होती. साहेब म्हणाले, आधार कार्ड खोटं आहे, ही बंगालची नाही, बर्मातून आलेली रोहिंग्या आहे. सायराने वाद घातला नाही. हात पुसले, आईच्या खांद्यावरचा टॉवेल नीट केला, चपला घातल्या. आई डाव्या हाताने तिचा पदर ओढत होती. एका पोलीसबाईने तो हळूच सोडवला.

खबर कोणी दिली कळत नाही. सध्या सगळ्या शहरात तपासणी चालली आहे म्हणतात.

नवी बाई लावली आहे. आई तिच्या हातचे दोन घास खाते आणि तोंड मिटते. वजन उतरतंय. तुला कळवणं माझं काम होतं, म्हणून कळवलं.

अण्णा

*

२९ मार्च २०२५

शर्वरी,

विशाखापट्टणमहून तुझं कार्ड आलं. सात वर्षांत पहिलं. त्यावर एकच ओळ: "फॉर्म कोणी भरला?"

म्हणजे तुला फॉर्मबद्दल कळलंय. कोणाकडून, ते मी विचारत नाही.

मी भरला.

मागच्या पत्रात खबरीबद्दल लिहिलं ते खरं नव्हतं. आता जसं झालं तसं लिहितो. फेब्रुवारीच्या शेवटी अपार्टमेंटच्या कमिटीची पार्किंगमध्ये मीटिंग झाली. हर्षद म्हणून एक मुलगा आमचा सेक्रेटरी आहे, पुण्याहून कंपनीत कामाला आलेला. वागायला चांगला, आईसाठी चाकाची खुर्ची त्यानेच शोधून आणली. तो म्हणाला, "घरकामाला येणाऱ्या सगळ्यांची माहिती पोलिसांना द्यायची आहे. नाव, गाव, जन्मस्थान. आपल्याच सुरक्षेसाठी." मग ज्याला जे वाटेल ते बोलायला लागला. एकजण म्हणाले, ही लोकं चोरांना घरं दाखवतात. दुसरे म्हणाले, आपण टॅक्स भरायचा आणि राशन यांनी न्यायचं. यातल्या कोणाच्या घरी कधी चोरी झाल्याचं मला आठवत नाही. शेजारच्या मंगलाबाई तेवढ्या म्हणाल्या, "केशवरावांची सायरा कामाला सोन्यासारखी आहे हो." कोणीतरी म्हणालं, "काम चांगलंच करणार, त्याशिवाय घरात घेतील कोण?" सगळे हसले. मंगलाबाई गप्प बसल्या. मीही.

दोन दिवसांनी हर्षद फॉर्म घेऊन आला. "काका, तुमचाच राहिलाय." मी पेन काढलं. नाव, सायरा बीबी. जन्मस्थानाच्या रकान्यात मी लिहिलं, बर्मा. खाली शेऱ्यात लिहिलं, आधार कार्ड एजंटमार्फत केलेलं आहे.

हे मला माहीत होतं, कारण तिनेच सांगितलं होतं. तिची मुलगी आहे, तस्लिमा, नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली. नवरा इमारतीच्या कामावर पडून गेला. मुलीला शाळेत घालायचं तर अर्ज लिहून द्या म्हणून ती माझ्याकडे आली होती. अर्ज लिहिताना मी विचारत गेलो, ती सांगत गेली. युनोचं निर्वासिताचं कार्ड तिच्याकडे होतं, पण त्यावर कोणी काम देत नव्हतं. एजन्सीला आधार हवं होतं. अफझलगंजच्या बसस्टँडजवळ एक माणूस ते करून देत होता.

शर्वरी, चौतीस वर्षं मी कोर्टात जुने उर्दू दस्तऐवज मराठी-इंग्रजीत करायचं काम केलं. एका अक्षराचा फरक मी कधी केला नाही. लोकांच्या जमिनी त्या अक्षरांवर उभ्या असतात. कागदात खोटं लिहायला मला जमत नाही. मी पोलिसांत गेलो नाही. विचारलं तेवढं खरं लिहिलं. यात माझं काय चुकलं, ते तू सांग.

अण्णा

*

६ जून २०२५

शर्वरी,

तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस.

मला समन्स आलं आहे. सायराच्या केसमध्ये सरकारतर्फे मी साक्षीदार आहे. तारीख अजून लांब आहे, पण काल तिला हजर करणार होते, म्हणून नुसता जाऊन बसलो. ज्या इमारतीत उमेदीची वर्षं काढली, तिथे बाकावर बसायची पहिलीच वेळ. शिपायाने पुकारा केला, "सेनोवारा बेगम." दोनदा, तीनदा. मीही इकडेतिकडे बघत होतो की ही कोण. कोपऱ्यातून सायरा उठली.

तीन वर्षं माझ्या घरात राबलेल्या बाईचं नाव मला शिपायाच्या तोंडून कळलं.

तिला सरकारतर्फे वकील मिळाली आहे, मेघना. काचीगुड्याच्या मराठी घरातली, वयाने तुझ्याएवढी असेल. ती जामिनासाठी उभी राहिली. सरकारी वकील म्हणाले, परदेशी नागरिक आहे, कायमचा पत्ता नाही, पळून जाईल. जामीन नाकारला. बाहेर आल्यावर मेघना मला म्हणाली, "पळून कुठे जाईल, काका? पळूनच तर आली आहे."

मेघनाने पोलीसबाईला विनंती केली आणि व्हरांड्यात मला दोन मिनिटं मिळाली. सेनोवारा वाळली आहे. मी काय बोलायचं ठरवून गेलो होतो ते सगळं विसरलो. तीच बोलली.

"अम्मा खाना खाए क्या?"

"हौ," मी म्हणालो.

"झूट नक्को बोलो साब. नहीं खाए."

मी मान हलवली. मग तिने विचारलं, "फारम में आप लिखे ना?"

"हौ."

"मेरे कू मालूम था," ती म्हणाली. "वो बात मैं दुनिया में एकीच आदमी को बोली थी."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. पोलीसबाईने घड्याळ दाखवलं, तेव्हा मी घाईने तस्लिमाबद्दल विचारलं. बाळापूरच्या वस्तीत शेजारणीकडे आहे. शाळेत पाठवत नाहीत. पोलीस शाळेत येऊन उचलतील अशी भीती वाटते.

परत येताना रिक्षावाल्याने विचारलं, कोर्टात काय काम होतं. मी सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा हुआ साब, पकड़ना च होना ऐसे लोगां को." घर येईपर्यंत तो तेच बोलत होता, आणि मी त्याला एकदाही थांबवलं नाही.

अण्णा

*

१६ ऑगस्ट २०२५

शर्वरी,

काल अपार्टमेंटच्या झेंडावंदनाला माझा सत्कार झाला.

मला आधी सांगितलं नव्हतं. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, आणि हर्षदने माइक घेतला. "आपल्यातल्या एका ज्येष्ठ नागरिकाने दाखवलेल्या सतर्कतेबद्दल." शाल आणि नारळ. टाळ्या पडल्या. मंगलाबाईंनीही वाजवल्या. मी शाल काढून खुर्चीवर ठेवू शकलो असतो. चार शब्द बोलू शकलो असतो. मी वाकून नमस्कार केला, शर्वरी. फोटोत मी हसतो आहे. तो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतोय, कदाचित तुझ्यापर्यंतही येईल.

वर आलो तर आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. खालच्या टाळ्या तिने ऐकल्या असणार. शालीकडे बघून म्हणाली, "काय?" हा तिच्या राहिलेल्या शब्दांपैकी एक.

आतापर्यंत मी तिला सांगत आलो होतो, सायरा गावी गेली आहे, येईल. काल मला ते जमलं नाही. मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसलो आणि फॉर्मचं सांगितलं. मग ज्याच्यामुळे फॉर्म तसा भरला, तेही सांगितलं. तुला ते अजून सांगितलेलं नाही. आता सांगतो.

फेब्रुवारीत एका दुपारी मी जिरं-धने आणायला बेगम बाजारला निघालो होतो. पुलापाशी रस्ता अडवला होता, म्हणून अर्ध्यातून परत आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून तुझा आवाज आला. आधी वाटलं तू आलीस. मी पिशवी हातात घेऊन पॅसेजमध्येच उभा राहिलो. सायराने फोन आईसमोर धरला होता. तू काहीतरी सांगत होतीस, ऑफिसमधल्या मांजराचं. आई हसत होती. आणि मग ती म्हणाली, "शरू." स्पष्ट. डॉक्टर म्हणाले होते की नावं तिला परत येणार नाहीत. तीन वर्षं मी रोज तिच्यासमोर बसून माझं नाव घेत होतो, केशव, केशव, म्हण ना.

म्हणजे तू सायराला ओळखत होतीस, आणि ते मला माहीत होतं. पहिल्या पत्रात मी नाटक केलं.

मी तसाच जिना उतरलो. वाचनालयात जाऊन बसलो आणि नेहमीच्या वेळेला परत आलो. सायराला विचारलं, "दोपहर में क्या करे?" ती म्हणाली, "अम्मा सोए थे." मला अनावर राग आला. माझ्याच घरात, माझ्याच बायकोला माझ्यापासून लपवून हसवतात. मी ज्या मुलीला दार बंद केलं तिला ही बाई रोज घरात घेते. त्यानंतर चौथ्या दिवशी हर्षद फॉर्म घेऊन आला.

सायराचं बर्माचं मला त्याआधी वर्षभर माहीत होतं. वर्षभर माझ्या सचोटीला त्याचं काही वाटलं नव्हतं. तिच्या मुलीचा अर्ज मीच सुवाच्य अक्षरात लिहून दिला होता. कागदात खोटं लिहवत नाही वगैरे मी तुला लिहिलं, ते स्वतःला पटवायला.

आईने सगळं ऐकलं. तिला कळलं की नाही, याची शंका घ्यायला तिने जागा ठेवली नाही. माझ्या खांद्यावरची शाल डाव्या हाताने ओढली आणि खाली टाकली. मग मान फिरवली. काल दुपारपासून माझ्या हातून ती पाणीसुद्धा घेत नाही. बाईने दिलं तर घेते, थोडंसं. मी खोलीत असलो तर तेही नाही.

अण्णा

*

२३ नोव्हेंबर २०२५

शर्वरी,

केस संपली. तुला पूर्ण सांगायला हवं.

साक्षीच्या आधी मेघना घरी आली होती. ती म्हणाली, "मी तुम्हाला काय बोला ते सांगू शकत नाही. फक्त केस कशी आहे ते सांगते." ती अशी होती. सेनोवारा परदेशी आहे हे युनोच्या कार्डावरूनच सिद्ध होतं. पण आधार तिने स्वतः जाणूनबुजून खोटं करवून घेतलं, हा मोठा गुन्हा. तो एजंट सापडला नव्हता. तिला सगळं माहीत होतं, असं तिच्या तोंडून ऐकलेला माणूस एकच होता.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. शपथ घेतली. शपथेचे ते शब्द मी हजार वेळा भाषांतरित केले असतील. सरकारी वकिलांनी फॉर्म दाखवला. अक्षर तुमचं? माझं. सही तुमची? माझी. आधार एजंटकडून केल्याचं आरोपीने तुम्हाला सांगितलं होतं?

"नाही," मी म्हणालो. "तिने मला काही सांगितलं नव्हतं. मी अंदाजाने लिहिलं."

"अंदाजाने? कारण काय?"

"मला तिचा राग आला होता."

कोर्टात कोणीतरी हसलं. वकिलांनी कोर्टाला मला फितूर साक्षीदार ठरवायला सांगितलं आणि अर्धा तास उलटसुलट विचारलं. मी एवढंच म्हणत राहिलो. सेनोवारा माझ्याकडे बघत होती. व्हरांड्यातल्या त्या दोन मिनिटांनंतर पहिल्यांदाच तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. त्यात आभार नव्हते. आश्चर्य असावं.

निकाल गेल्या सोमवारी लागला. खोट्या कागदाचा गुन्हा सिद्ध झाला नाही. परवानगीशिवाय राहण्याचा झाला. शिक्षा, जेवढे महिने तुरुंगात काढले तेवढी. मी मेघनाचा हात धरून म्हणालो, म्हणजे सुटली. मेघनाने हात सोडवून घेतला नाही, पण म्हणाली, "काका, शिक्षा संपली. ती मात्र अजून परदेशीच आहे." मायदेशी पाठवेपर्यंत तिला परदेशी लोकांसाठीच्या केंद्रात ठेवायचं. तिचा देश तिला आपली म्हणत नाही, त्यामुळे 'पर्यंत' म्हणजे किती, ते कोणालाच माहीत नाही. मोठा गुन्हा सिद्ध झाला असता तर कदाचित तारीख तरी असती. मी आयुष्यात पहिल्यांदा शपथेवर खोटं बोललो आणि त्याने एवढंच झालं.

परवा तिला तुरुंगातून केंद्रात न्यायचं होतं. मेघनाबरोबर मी फाटकाशी गेलो. शेजारीण तस्लिमाला घेऊन आली होती. आईबरोबर राहायचं असेल तर मुलीलाही आत जावं लागतं. शाळेचा गणवेश घालून आली होती. चांगला फ्रॉक तेवढाच असेल. मला बघून "सलाम दादा" म्हणाली. तिला कोणी काही सांगितलेलं नसावं.

सेनोवारा बाहेर आली. लेकीला तिने कितीतरी वेळ सोडलं नाही. मग मी पुढे झालो आणि म्हणालो, "माफ करना." इतकंच आठवलं.

"माफी का मैं क्या करूँ साब," ती म्हणाली. "इसकी टीसी दिलाओ. स्कूल का कागज रहे तो किधर भी बैठने देते बोलके सुनी."

मग गाडीत चढता चढता थांबली. "अम्मा को बाएँ बाजू बैठ के खिलाओ. दाएँ बाजू से उनको दिखता नहीं. चम्मच अचानक आया तो डरते. आप रोज दाएँ तरफ बैठते थे."

शर्वरी, तीन वर्षं. मला वाटायचं, ती माझ्या हातून तोंड फिरवते.

गाडी गेली. शाळेचा दाखला मी काल काढला. मुख्याध्यापिका आधी नको म्हणत होत्या, त्यांना भानगड नको होती. मी त्यांच्या टेबलासमोर दुपारभर बसून राहिलो. दाखला मेघनाकडे दिला आहे.

खाली हर्षद भेटला. "काका, तुम्ही कोर्टात पलटलात म्हणे?"

"हौ."

"पण काका, हा देशाचा प्रश्न आहे."

"माझ्या घरातला प्रश्न होता, हर्षद," मी म्हणालो. "मी तो तुझ्या फॉर्मवर लिहून देशाचा केला."

वाईट मुलगा नाही तो. पण आता लिफ्टमध्ये मी असलो की लोक पुढच्या लिफ्टची वाट बघतात.

अण्णा

*

९ डिसेंबर २०२५

शर्वरी,

तुझं पत्र मिळालं. "शनिवारी येते. आईला इकडे घेऊन जाईन. अडवू नका."

अडवणार नाही. मीच लिहिणार होतो की ने म्हणून, तू आधी लिहिलंस.

तिचे कपडे, औषधं, डॉक्टरांचे कागद एका बॅगेत भरले आहेत. मी आता डाव्या बाजूला बसून भरवून पाहिलं. तिने चमचा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. म्हणजे ते नजरेचं नव्हतं, किंवा आता नुसतं नजरेचं राहिलेलं नाही. बाईने त्याच बाजूला बसून भरवलं तर अर्धी वाटी जाते. तू बसशील तर जास्त जाईल. वरण पातळ लागतं. दुपारी ऊन आलं की खुर्ची खिडकीकडे वळवावी लागते.

मी घरात असेन, पण आतल्या खोलीत. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. बॅग जड आहे, ती तेवढी मी खाली आणीन.

आणखी एक. आज सकाळी मेघनाचा फोन आला. दाखला घेऊन ती केंद्रावर गेली होती. सेनोवारा आणि तस्लिमा तिथे नाहीत. गेल्या आठवड्यात काही जणांना दुसऱ्या राज्यात हलवलं, त्यात त्या होत्या. कुठल्या राज्यात, सीमेवर की आणखी कुठे, ते तिला लेखी द्यायला कोणी तयार नाही. ती अर्ज करते आहे. दाखला तिच्याच फायलीत आहे.

तुझ्याकडे आल्यावर आई फोनकडे बोट दाखवेल आणि "काय?" म्हणेल. ती कोणाबद्दल विचारते आहे ते तुला कळेल. तिला काय सांगायचं ते तू ठरव. मी आता कोणाच्या वतीने काही ठरवत नाही.

गाडी सिकंदराबादला किती वाजता पोचते, तेवढं कळव. स्टेशनवर येणार नाही. दार उघडं ठेवायला वेळ माहीत हवी, एवढंच.

अण्णा